कॅमेऱ्यापुढचे पाय

माझं अक्षर वाईट आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. ही वही कुणी वाचायची नाही. वाचलीच तर तेवढं माफ करावं.

धाकटा पाच वर्षांचा असताना आम्ही नवरा-बायको त्याला घेऊन जोतिबाच्या यात्रेला गेलो होतो. समोरून देवाची सासनकाठी, तो सजवलेला उंच बांबू, नाचत आली, वरून गुलाल-खोबऱ्याचा मारा झाला. मी डोळे चोळून बघते तर हाताशी मुलगा नाही. पैशाची पिशवीही गर्दीत कुठं पडली कळलं नाही.

शिवाजी पेठेतल्या एका तालमीचे कार्यकर्ते तिथं पाणी वाटत होते. ते पिंपं तशीच सोडून शोधायला लागले.

"वैनी, कापडं कसली हायती?"

"पांढरा शर्ट, निळी चड्डी," मी सांगितलं.

भोंग्यावरून तेच पुकारत राहिले. त्या दिवशी त्या डोंगरावर पांढरं काही उरलेलंच नाही, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माणसं, पायऱ्या, देऊळ, सगळं गुलाबी. कार्यकर्ते पोरं धरून आणत, त्यांची तोंडं पुसत, आणि मी मान हलवत असे. एक पोरगं तर चिडलंच, "मला दोनदा पुसलंय ओ!"

तेवढ्यात केबलवर बातम्या देणारा एक जण खांद्यावर कॅमेरा घेऊन आला. "ताई, दोन शब्द बोला. घराघरात दिसंल, कोण तरी वळखंल."

मला परक्या माणसाकडं पाणी मागायचीही लाज. मी पदर नाकापर्यंत ओढला आणि मान खाली घातली.

"आवो, वर बघा की! पोराची आई हाय का नवी नवरी?" एक कार्यकर्ता म्हणाला.

"बोल की गं!" नवरा रडकुंडीला आला होता. "माझ्यावर तर तुझा लई आवाज चढतोय!"

पण मान वर होईना. कॅमेरा बघायला पोरांचं कडं जमलं होतं. मला नुसते त्यांचे पाय दिसत होते, सगळे गुलाबी, सगळे सारखे. त्यात एक जोडी दिसली. डावी चप्पल उजव्या पायात, उजवी डाव्यात. रोज सकाळी मी त्या बदलून द्यायची आणि उंबऱ्याबाहेर गेला की तो पुन्हा उलट्या घालायचा. तशाच पळायला बऱ्या, असं त्याचं म्हणणं.

मी वाकून तो पाय घट्ट धरला.

"ए, सोड की! मला टीव्हीत दिसायचंय!" आवाज त्याचाच. पदराआडची ही गुलाबी बाई कोण, हे त्याला कळलंच नव्हतं. मी पदर सारला तेव्हा म्हणाला, "आये, तू हितं हाईस व्हय? सरक, कॅमेरा हाय."

कार्यकर्त्यांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. केबलवर तो दात काढून हसताना दिसला आणि त्याच्याशेजारी माझा पदर. गल्लीतल्या बायका दुसऱ्या दिवशी नळावर आल्या त्या हसतच.

पिशवी गेल्यामुळं परतीचं एसटीचं भाडं त्या कॅमेरावाल्यानंच दिलं होतं. त्याच्या हापिसात जायचा धीर मला वर्षभर झाला नाही, आणि नवऱ्यालाही मी जाऊ दिलं नाही. माझं पोर सापडलं होतं, पैसे मीच देणार. पुढच्या यात्रेत तो कॅमेरावाला पाणी वाटतात तिथंच दिसला. मी पदर मागं सारला, त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि भाडं त्याच्या हातावर ठेवलं.

"ताई, आता तरी कॅमेऱ्यात बोलताय न्हवं?"

"न्हाई. पैसं मोजून घ्या."

त्यानं हसत मोजले. सगळे बरोबर होते.