फळ्याबाहेर गेलेली रेघ

उस्मानपुऱ्यात आमच्या इमारतीसाठी आज तिसरी बोअर घेताहेत. पाण्याऐवजी कोरडा फुफाटा उडाला. त्याला खडूचा वास होता, आणि मला एकदम सरांचा वर्ग आठवला.

ताऱ्यांच्या अंताचं गणित मांडणारे सर, जगभर नाव असलेले. आम्ही कॉलेजात असताना दुष्काळ पडला, तेव्हा एकदा त्यांनी समीकरणं पुसली आणि विचारलं, "गावाकडं विहिरीला दोर किती लागतो?"

लासूरची सुमन म्हणाली, "पुरंनाच, सर. औंदा दोन दोर जोडलेत."

सगळ्यांकडून सालागणिक विचारून सरांनी पाण्याची पातळी फळ्यावर मांडली. उतरती रेघ फळ्याच्या कडेला आली, तरी खडू थांबला नाही. भिंतीवरून ती थेट फरशीला टेकली.

आम्ही खो खो हसलो. सर तसेच उकिडवे बसून राहिले.

मशीनवाला ओरडून विचारतोय, "साब, और नीचे जाऊं क्या?"