उपवासकाळात प्यालेलं दूध

नवस मोडला तर लेकीच्या बाळाला काही होईल का, हीच धास्ती परतीला निघताना त्या सकाळी माझ्या मनात होती. जेसिका, माझी एकुलती एक मुलगी, सिडनीत वेस्टमीडला, माझ्या घरापासून जवळच, आठवा सरत आलेला. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. म्हणून या खेपेला मी प्रभूला शब्द दिला होता की ईस्टरपर्यंतचा सगळा उपवासकाळ दुधाचा थेंब तोंडात घालणार नाही, पण हे बाळ सुखरूप येऊ दे. आम्ही मूळची वसईची माणसं, शब्द म्हणजे शब्द.

आणि असा नवस बोलून मी गेले कुठे, तर केनियात सांबुरू लोकांकडे! गुरं-शेळ्या घेऊन चाऱ्यापाण्यामागे फिरणारी माणसं, दूध हेच त्यांचं जेवण. त्यांच्यात राहायची माझी जुनी हौस, बुकिंग कधीचंच झालेलं, आणि लेकच म्हणाली, जाऊन ये, वेळ आहे अजून. एका म्हातारीच्या घरी उतरले. गळाभर मण्यांच्या माळा, तोंडात दात मोजकेच, पण हसायची अगदी मनापासून. सकाळी ती तुंब्यातलं दूध गवताच्या जुडीने चारी दिशांना शिंपडायची आणि ‘न्काई’ म्हणायची. न्काई म्हणजे त्यांचा देव. मला दूध पुढे करायची, मी हात जोडून कोरा चहा मागायचे. बिचारी कधी रागावली नाही.

तेवढ्यात साथीची बातमी आली. ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होणार, मिळेल त्या विमानाने परत या. जेसिका फोनवर एवढंच म्हणाली, “मम्मी, जस्ट कम होम,” आणि रडायला लागली. मी ठरवलं, काही झालं तरी पोचायचंच. सामान गाडीत टाकलं, तर म्हातारी वाटेत उभी. तिच्या घरची रीत अशी, की निघणाऱ्याने ताज्या दुधाचा घोट घ्यायचा आणि उरलेलं ती त्याच्यावर शिंपडून आशीर्वाद देणार. मी ड्रायव्हरकरवी नवसाचं सांगितलं. तोही सांबुरूच. तिचं उत्तर त्याने मला जसंच्या तसं सांगितलं.

“बाळासाठी दूध सोडलंस? मग बाळ काय पिणार?”

ड्रायव्हरने गाडी बंद केली. म्हातारी शेळी धरायला गेली, आणि शेळी काही लवकर सापडेना. माझा जीव टांगणीला! मनात प्रभूशी भांडले, मग थकून म्हटलं, आता तूच बघ, बाबा. धुराचा वास असलेलं ते कोमट दूध प्यायले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने माझ्या डोक्यावर थेंब शिंपडले.

वाटेत कोरडी नदी ओलांडायची होती. आम्ही काठाशी पोचलो आणि वरच्या डोंगरातल्या पावसाचा लाल लोंढा समोरून धडधडत गेला. ड्रायव्हर स्टीअरिंग घट्ट धरून बसला. थोडं आधी निघालो असतो तर आम्ही त्या पात्रातच असतो. पाणी उतरेपर्यंत थांबलो. विमानही उशिराच सुटलं, म्हणून मिळालं. याला कोणी योगायोग म्हणेल. म्हणू दे, मी वाद घालत नाही.

सिडनीत आल्यावर घरात एकटीनेच राहायची सक्ती होती. ती संपली आणि जेसिकाला कळा सुरू झाल्या. एवढा आटापिटा करून आले, तर हॉस्पिटलात फक्त जावयाला आत घेतलं. मी कार पार्कमध्ये. आधी संताप आला. मग म्हातारी आठवली. कडेचं गवत उपटलं, दुकानातून दूध आणून थर्मासच्या झाकणात ओतलं आणि चारी दिशांना शिंपडलं. प्रभूचं नाव घेतलं, न्काईचंही घेतलं. माझ्या हट्टाने नाही, तुझ्या हाताने होऊ दे, एवढंच मागितलं. मन एकदम शांत झालं.

दुपारी फोन वाजला. आधी रडणंच ऐकू आलं, खणखणीत. मग जेसिकाचा दमलेला आवाज आला.

“मम्मी, शी इज सो हंग्री.”

ईस्टर अजून यायचा होता. झाकणात उरलेलं दूध मी तिथेच उभ्याने पिऊन टाकलं.