काळ्या वाळूवरचे चार मजले

ज्वालामुखीच्या राखेत उकिडवं बसून मी मुलासाठी थ्री बीएचके मागितला होता, हे आधीच कबूल करून टाकते. जपानात फ्लॅट बीएचकेत मोजत नाहीत, हेही तेव्हा मला ठाऊक नव्हतं. वय म्हणाल तर एकसष्ट. आता अडुसष्टाव्या वर्षी त्या एकसष्टच्या कार्टीकडे बघितलं की वाटतं, हिला एकटीला कुठे सोडायलाच नको होतं.

मुलगा आणि सून तेव्हा टोकियोच्या एदोगावात, सहाव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचे. मी जाणार होते ती बाळंतपणासाठी. अळीव, डिंक, सगळं बांधून झालं होतं. पण सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मुलाने फोन सुनेकडे दिला आणि मी म्हणाले, "होतं गं असं. वय आहे अजून." वा, काय सांत्वन! जसं काही दूध नासलं होतं, दुसरी पिशवी आणली की झालं.

चार महिन्यांनी पोचले, तर घरात तो विषयच नाही. कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा, ते सुनेने पहिल्याच दिवशी नीट समजावून दिलं. त्यापुढे कामापुरतं बोलणं. मी दुसऱ्या खोलीत, म्हणजे जी बाळाची होणार होती तिथे झोपायचे. गादी काढायला कपाट उघडलं की पांघरुणांच्या मागे एक दुपटं दिसायचं. माझ्याच जुन्या मऊ साडीचं, मीच शिवून पोस्टाने पाठवलेलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी गादी ओढून घ्यायचे आणि दार सरकवायचे. ते दार पुरतं कधी लागायचं नाही. बोटभर फट राहायची. दिवा मालवला की मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे, तरी ती फट पाठीला जाणवायची.

बेटावरची दोन दिवसांची सहल मुलाने ठरवली आणि ऑफिसचं निमित्त सांगून स्वतः मागे राहिला. टोकियोहून रात्रीची बोट, पहाटे बेट. दिवसा गाइडबरोबर ज्वालामुखी बघायचा, अंधार पडला की तिच्याबरोबरच तारे. गाइड माझ्याच वयाची, गमबूट घातलेली, पोरांना दटावावं तसं प्रवाशांना दटावणारी बाई. ती जपानीत सांगायची, सून मला मराठीत. सून माझ्याशी एवढं बोलतेय म्हणून मी खूश! बोलणं सगळं गाइडचं होतं, ते सोडा.

वर डोंगरात काळं मैदान आहे. गवत नाही, पाखरू नाही. पायाखाली राख करकरते, आणि लांब कड्याच्या भेगेतून वाफ निघते, कुणी आत चूल पेटती ठेवून गेल्यासारखी. मैदानाच्या टोकाला खडकाच्या आडोशाला मला दगडांचे छोटे छोटे मनोरे दिसले. मी हरखलेच. आपल्याकडे देवीच्या डोंगरावर, गडाच्या वाटेवर बायका दगडावर दगड रचून घर मागतात. जितके दगड तितके मजले. म्हटलं, बिचाऱ्या जपान्यांनाही जागेची अडचण!

एका मनोऱ्यापाशी लहान मुलाचं भिरभिरं रोवलेलं होतं. तेही पाहिलं मी. कुणाचं पोर विसरलं असेल, असा निकाल देऊन मोकळी झाले. मग सपाटसे चार दगड निवडले, एकावर एक ठेवले, डोळे मिटले, आणि पार्किंगसकट मागणी घातली.

डोळे उघडले तर गाइड समोर. टोपी काढून ती माझ्यापुढे वाकली, खूप वेळ वाकलेलीच राहिली. मग हळू आवाजात काहीतरी बोलली.

"ती म्हणतेय," सुनेने नेहमीसारखी सुरुवात केली, "जी मुलं आईबापांच्या आधी जातात, ती परलोकात नदीकाठी दगड रचत बसतात. मनोरा पुरा होत आला की राक्षस येऊन पाडतो. परत पहिल्यापासून. म्हणून इथे माणसं त्यांच्या वतीने दगड ठेवतात. ती विचारतेय, तुमचं कोण…"

भाषांतर तिथे थांबलं. भिरभिरं गरगर फिरत होतं.

सुनेने माझा हात धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिला वाटलं, मी ते बाळासाठी रचलंय. मी तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं? "स्वेटर आणलायस ना गं?"

संध्याकाळी पुन्हा तेच मैदान. गाइडने लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात आम्हा दहाबारा जणांना चटयांवर आडवं केलं, हिरव्या किरणाने एकेक तारा दाखवला. सप्तर्षी ओळखल्यावर मी अरुंधती दाखवली. सुनेने ते जपानीत सांगितलं, माणसं "ओऽ" म्हणाली, आणि मी, फसवी बाई, अंधारात मिरवून घेतलं. मग गाइडने टॉर्च बंद केला. आता दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, नुसतं वर बघायचं.

त्या शांततेत आवाज आला. टक्.

दगडावर दगड ठेवल्याचा. जरा वेळाने पुन्हा, टक्. मी हात लांब केला, तर शेजारची सुनेची चटई रिकामी आणि गार. उठून बघायचा धीर झाला नाही. ती तिथे असेल याची भीती होती, आणि ती नसेल, दुसरंच कुणी रचत असेल, याची त्याहून जास्त. आजही नात ठोकळ्यावर ठोकळा ठेवते तेव्हा मी दचकते. ती जपानीत काय झालं विचारते, मी मराठीत काही नाही म्हणते.

थोड्या वेळाने सून येऊन पडली. तिची बोटं माझ्या हाताला लागली. राखेने खरखरीत झाली होती.

म्हणजे ती माझ्या थ्री बीएचकेवर दगड ठेवून आली होती! रात्रभर लॉजमध्ये मी जागी. सांगितलं तर मिळालेला हात जाणार. नाही सांगितलं तर जन्मभर तिच्या बाळाच्या नावावर मी फुकटचं पुण्य खाणार.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बोटीवर, बेट धुक्यात जायला लागलं तेव्हा, मी कठडा धरून एका दमात सांगून टाकलं. "अगं, मी ते बाळासाठी नव्हतं रचलं. फ्लॅट मागत होते. मला काही ठाऊकच नव्हतं. आणि फोनवर बोलले, तोही मूर्खपणाच."

पाण्याकडे बघत, माझ्याकडे न वळता ती म्हणाली, "माहीत होतं, आई. माझी आईसुद्धा दगड रचून फ्लॅटच मागते. पण त्यातला एक मजला बाळाला द्या. मुलगी होती. तुम्ही विचारलंच नाहीत कधी."