पोटात न ढवळणारी गाडी

हुबळीच्या दाजीबानपेठेत चोळीच्या खणांचं घाऊक दुकान चालवणारे हणमंतराव खटावकर भाव केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीही घेत नसत. असा माणूस पन्नाशी उलटल्यावर मोटार घ्यायला निघाला, तेव्हा पेठेला वर्षभराची करमणूक मिळाली. ही गोष्ट २०१०च्या सुमाराची.

गोकुळ रोडवरच्या एकूण एक शोरूमचा चहा त्यांचा पिऊन झाला. साडेतीन लाखांच्या आतबाहेर मिळणाऱ्या सगळ्या नव्या लहान गाड्या त्यांना तोंडपाठ होत्या. कुठली लिटरला किती पळते, कुणाच्या डिकीत खणांची गाठोडी मावतात, कुणाच्या स्वस्त मॉडेलात एसी नाही, कुणाच्या मागच्या काचा हातानेच फिरवाव्या लागतात, सगळं. सीटचं कापड चिमटीत धरून ते इतका वेळ चोळत, की सेल्समनला वाटावं, हे गाडी सोडून कापडाचाच दर विचारणार.

मग शेवटी आवाज खाली आणून ते विचारत, "हिच्यात मागं बसलं तर पोटात ढवळतंय काय?" त्याचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नसायचं.

प्रश्न त्यांच्या पत्नीसाठी, अनुसयाबाईंसाठी होता. बसमध्ये बसल्या की धारवाड यायच्या आत त्यांना उलटी व्हायची. गोळ्या झाल्या, आलं चघळून झालं, लिंबू हुंगून झालं. माहेर निपाणीला. तिथे रेल्वे नाही, आणि गावाच्या अलीकडे तवंदीचा घाट. दर खेपेला त्यांची आई, वेणूबाई, स्टँडवर पाण्याचा तांब्या आणि कापलेलं लिंबू घेऊन उभ्या असायच्या आणि लेकीला धरून खाली उतरवायच्या. शेवटच्या खेपेला तर तिला तशीच दवाखान्यात न्यावी लागली. तेव्हा आईनेच शपथ घातली, की पुन्हा म्हणून यायचं नाही. त्याला सहा वर्षं झाली होती. आता वेणूबाई नव्वदीला टेकल्या होत्या, फोनवर त्यांना काही ऐकू येईना. अनुसयाबाई फोन ठेवायच्या आणि बराच वेळ स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या राहायच्या. हणमंतरावांना ते बघवत नसे. जगात एवढ्या गाड्या निघाल्यात, त्यातली एखादी तरी हिला आईपर्यंत पोचवेल, या एका आशेवर त्यांची सगळी घासाघीस चालली होती.

म्हणून प्रत्येक गाडी धारवाडच्या रस्त्यावर चालवून बघायची आणि अनुसयाबाईंनी मागे बसायचं, असं ठरलेलं. एक गाडी विद्यानगरापाशीच बाद झाली. एकीत नव्या सीटचा वास सोसेना, एकीत एसीचा. सगळ्यात महागडीवर हणमंतरावांची फार भिस्त होती, पण उणकल तळ्यापाशी तीही थांबवावी लागली.

अनुसयाबाई चूळ भरून कठड्यावर बसल्या. बघायच्या गाड्या आता संपल्या होत्या. गाडी चालवत आलेला सेल्समन गोपाळ अळणावरकडच्या शेतकरी घरातला, मनात येईल ते बोलून टाकणारा. तो म्हणाला, "अक्का, मलाबी बसमधी असंच व्हायचं बघा. स्टेरिंग हातात आल्यापासनं कधी झालं नाही. वळण आपल्याच हातानं घ्यायचं म्हटल्यावर पोटाला आधीच कळतंय."

हणमंतरावांनी ते ऐकून सोडून दिलं. अनुसयाबाईंनी सोडलं नाही. पदराने तोंड पुसत त्या गाडीच्या पुढच्या दाराकडे बघत राहिल्या. "अहो, मग मलाच शिकवा की चालवायला," त्या म्हणाल्या.

हणमंतराव तेव्हा हसले. पुढे हसायची सोय राहिली नाही. चोपन्नाव्या वर्षी, इरकली साडीचा पदर खोचून, अनुसयाबाई ड्रायव्हिंग स्कूलच्या खटाऱ्यात बसल्या. गाडी बंद पडायची, त्या पुन्हा चालू करायच्या. वहिनी कुठल्या रूटवर आहेत, असं पेठेतले लोक हणमंतरावांना विचारायचे. एकदा दुभाजकावर चाक चढलं, त्या घरी येऊन रडल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेल्या. पण पोटात एकदाही ढवळलं नाही. जिला आपण इतकी वर्षं हाताला धरून रस्ता ओलांडून दिला, ती आपल्याला हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडच्या गर्दीतून नेते आहे, हे हणमंतरावांना खरंच वाटेना. तिच्या शेजारी बसलं की देवळात आल्यासारखं गप्प व्हायला व्हायचं.

गाडीही अनुसयाबाईंनीच निवडली, सगळ्यात स्वस्त, बिनएसीची. का, तर तिच्या सीटवरून बॉनेटचं टोक दिसतं. एवढ्या चौकशीत हणमंतरावांनी हे कुणालाच विचारलं नव्हतं.

मग एका सकाळी दोघं निपाणीला निघाली. हणमंतरावांचा गप्पपणा हमरस्त्याला लागेपर्यंतच टिकला. शेजारी बसून ते तोंडाने ब्रेक लावू लागले, तेव्हा कित्तूरला अनुसयाबाईंनी त्यांना मागे पाठवलं. तवंदीच्या घाटात वळणामागून वळण आलं आणि जन्मात कधी नाही ते हणमंतरावांच्याच पोटात ढवळायला लागलं. पण त्याही अवस्थेत आरशात दिसणाऱ्या बायकोच्या चेहऱ्यावरून त्यांची नजर हलेना. ज्या घाटाने तिला आडवं पाडलं होतं, तो ती शांतपणे, एकेक वळण घेत उतरत होती. ही बाई आपल्या घरात इतकी वर्षं होती आणि आपल्याला दिसली नाही, असं त्यांना वाटलं आणि डोळे भरून आले.

लेक मोटारीने येणार, एवढंच वेणूबाईंना कुणीतरी कानात ओरडून सांगितलं होतं. त्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, जवळ तांब्या आणि कापलेलं लिंबू. गाडी थांबताच त्या काठी टेकत थेट मागच्या दाराशी आल्या आणि लेकीला धरायला त्यांनी हात पुढे केला. आत पांढरेफटक पडलेले जावई बसले होते.

तेवढ्यात पुढचं दार उघडून अनुसयाबाई उतरल्या. वेणूबाईंनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. तोंड कोरडं होतं. त्यांनी गाडीत वाकून बघितलं आणि विचारलं, "डायवर कुठाय गं?"

अनुसयाबाईंनी हातातली किल्ली आईपुढे धरली. वेणूबाईंनी किल्लीकडे आणि लेकीकडे बघितलं. मग तांब्या आणि लिंबू त्यांनी जावयाच्या हातात दिलं आणि लेकीला जवळ घेतलं.

"सुटली बघ माझी शपथ," त्या म्हणाल्या. "आता कवाबी ये."