एक घर आणि नसलेला बिल्डर

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेले नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता धूसर झाले आहेत. हे मात्र एका साध्या घराच्या खरेदीचे होते. त्यात माझ्या हातून एक चूक झाली, म्हणून लिहून ठेवतो. नावे कुणाचीच देत नाही.

मी तेव्हा अकोल्यातल्या एका पोलीस ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. सरकारी दवाखान्यातली एक परिचारिका ड्युटीवरून थेट ठाण्यात आली. गणवेशावर स्वेटर, हातात वहीतून फाडलेला कागद. दाराखालून कुणीतरी सरकवलेला. त्यावर लिहिले होते : "त्या घराचा नाद सोडा. तुम्ही ड्युटीवर जाता तेव्हा मिष्टर एकटे असतात, हे ध्यानात ठेवा."

तिच्या नवऱ्याचे अर्धे अंग दोन वर्षांपूर्वी लुळे पडले होते. ते भाड्याने राहत होते दुसऱ्या मजल्यावर. त्याला खाली न्यायचे म्हणजे चार माणसे गोळा करावी लागत. तळमजल्याचे घर ती शोधत होती आणि एका दलालाने ते दाखवलेही. दवाखान्यापासून जवळ, तीन खोल्या, पुढे अंगण, दाराला पायरी नाही. बोलणे ठरल्यासारखे झाले. मग दलाल सांगू लागला की दुसरी पार्टी जास्त द्यायला तयार आहे. तिने दोनदा रक्कम वाढवली. तेव्हा तो म्हणाला, "ते लोक बरे नाहीत ताई, जपून राहा." त्यानंतर आठवड्याने हा कागद.

"घर सोडून द्या म्हनान तं सोडून देईन साहेब," ती म्हणाली. "पन ह्या माणसाले पलंगावरून उठताबी येत नाही. मी ड्युटीवर असतानी कोनी आलं तं?"

मी नोंद घेतली आणि दलालाला बोलावले. पन्नाशीचा, स्वच्छ कपड्यांतला, गोड बोलणारा माणूस. दुसरी पार्टी कोण, हे सांगायला त्याने थोडे आढेवेढे घेतले आणि मग खालच्या आवाजात एका शिंप्याचे नाव सांगितले. शेरवान्या शिवणारा मास्टर. "आपन सांगतलं असं नका सांगू साहेब. तापट मानूस आहे," असेही वर जोडले.

मी मास्टरला उचलून आणायला शिपाई पाठवला. साधा निरोप पाठवला असता तरी तो आला असता, हे मला आज कळते. भर बाजारातून त्याला गाडीत बसवून आणले. साठीला आलेला, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. त्याचे दुकान रस्त्याच्या रुंदीकरणात जाणार होते. पुढे दुकान आणि मागे संसार, अशा बेताने त्यालाही तेच घर हवे होते.

मी कागद पुढे ठेवला. त्याने चष्मा लावून वाचला आणि म्हणाला, "साहेब, मी कोन्याच बाईले ओळखत नाही. मले तं दलालानं सांगतलं का नागपूरचा बिल्डर मागं लागला, घर पाडून फ्लॅट काढनार. म्हनून मी भाव वाढवला."

मला वाटले, बनवतो आहे. चोवीस वर्षांच्या नोकरीत अशी भोळी उत्तरे मी हजारदा ऐकली होती. त्याला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवले आणि समज देऊन सोडले.

दोन दिवसांनी आमच्या समन्सवाल्या हवालदाराने एक खबर आणली. नोंदणी कार्यालयाबाहेर बसणाऱ्या एका अर्जनवीसाकडे तो चहा प्यायचा. बोलता बोलता अर्जनवीस म्हणाला होता, "त्या घरासाठी कावून भांडून राहिले लोक? त्याच्या खरेदीचा मसुदा तं मी परवाच टाईप केला." घेणारा कोण, तर दलालाचा साळा, त्याच्या बायकोचा भाऊ. आणि किंमत परिचारिकेने पहिल्यांदा बोललेल्या किमतीच्या जेमतेम निम्मी.

घराची मालकीण अमरावतीला लेकीकडे राहायची, निवृत्त शिक्षिका. एका महिला शिपायाला घेऊन मी तिला भेटायला गेलो. बाईंनी आम्हाला ओसरीत बसवले, पाणी दिले आणि सरळ सांगितले, "चार महिने झाले, एक मानूस घर पाहाले आला नाही म्हने. मागची भिंत खचली म्हने. शेवटी दलालानंच सांगतलं, माह्या साळ्याले देऊन टाका, तुमचा जीव मोकळा होईल."

"बाई, तुमच्या घरासाठी दोन माणसं एकमेकांवर भाव चढवून राहिली आहेत," मी म्हणालो.

बाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग विचारले, "कोन माणसं? मले भेटता येईल त्याईले?"

या माणसांना एकमेकांसमोर आणावे, हे तोपर्यंत कुणाच्याच मनात आले नव्हते. माझ्याही नाही. परतीच्या वाटेवर, मूर्तिजापूर मागे पडले तेव्हा, मास्टरचे बोलणे मला शब्दन् शब्द आठवले. परिचारिकेला सांगायचे की समोर गुंड आहेत. मास्टरला सांगायचे की समोर बिल्डर आहे. मालकिणीला सांगायचे की समोर कुणीच नाही. मग घर निम्म्या किमतीत साळ्याच्या नावावर करून पुढे चढलेल्या भावाने विकायचे. तिघेही एकमेकांच्या वाटेला जाणार नाहीत अशी व्यवस्था दलालाने केली होती. आणि मास्टरला परिचारिकाच ठाऊक नसेल, तर तिचा नवरा घरात एकटा असतो हे त्याला कुठून कळणार? ते घराच्या बोलणीसाठी तिच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या दलालाला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी परिचारिकेला विचारले, दलालाच्या हातचे काही लिहिलेले आहे का? तिने पर्समधून एक चिठ्ठी काढली. खरेदीला लागणाऱ्या कागदपत्रांची यादी त्याने लिहून दिली होती. त्यात दोन ठिकाणी शब्द होता, "मिष्टरांचे". मिस्टरांचे नव्हे, मिष्टरांचे. धमकीच्या कागदातही तोच ष, तशीच खाली ओढलेली रेघ. हा शब्द पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलावर होता.

"घराची मालकीण कोण, मी स्वतः भेटून बोलते, असं मी त्याले म्हटलं होतं," ती आठवून म्हणाली. "त्याच्यानंतरच कागद आला साहेब."

दलालाला पुन्हा बोलावले. हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. नागपूरच्या बिल्डरबद्दल विचारले : केव्हा आला, कसा दिसतो, गाडी कोणती. त्याने तपशीलवार सांगितले. तासाभराने तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा पांढरी गाडी काळी झाली होती. मग मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

त्याने दोन्ही कागद उलटे करून ठेवले. "धंद्यात थोडं भ्या दाखवा लागते साहेब," तो शेवटी म्हणाला. "मी काय खरंच कोनाले मारनार होतो?"

"तो कागद आल्यापासून ती बाई ड्युटीवरून दर तासाला घरी फोन करत होती," मी म्हणालो. हस्ताक्षराचे नमुने तज्ज्ञाकडे पाठवले, अर्जनवीसाचा जबाब घेतला, गुन्हा दाखल केला. पुढे त्याला शिक्षा झाली, फार मोठी नव्हे.

मालकीणबाईंच्या इच्छेप्रमाणे दोन्ही गिऱ्हाइकांना मी माझ्या खोलीत एकत्र बसवले. परिचारिका आधी आली. मास्टर दारातच थबकले. त्या खोलीत पुन्हा यायला त्यांचे पाय धजत नव्हते. मी उठून त्यांना खुर्ची दिली. अमरावतीहून आलेल्या मालकीणबाईंनी दोघांनाही विचारले, घर कशासाठी पाहिजे? परिचारिकेने सांगितले. मास्टर ऐकत होते. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, "मी बिल्डरशी भिडून राहिलो होतो बाई. या ताईशी नाही. मले खोली कुठंबी भेटन. आमच्या दुकानाले पायऱ्या असल्या तं चालते."

घर परिचारिकेला मिळाले, पहिल्यांदा बोललेल्या किमतीत.

सगळे गेल्यावर मी मास्टरना थांबवले आणि माफी मागितली. मला कळले होते की त्या दिवशी त्यांना गाडीत नेताना बाजाराने पाहिले होते आणि एका लग्नघराने शिवायला दिलेले कापड परत नेले होते.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब, तुमी मले इचारलं होतं. मी खरं सांगतलंबी होतं. तुमी आयकलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाजार भरलेला असताना, मी गणवेशात त्यांच्या दुकानात गेलो. शेजारच्या दुकानदारांना बोलावून झाले ते सगळे सांगितले, चूक माझी होती हेही सांगितले. त्यांचे गेलेले गिऱ्हाईक त्यामुळे परत आले की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेही नाही.

तिघांना एकमेकांविषयी जे काही ठाऊक होते, ते दलालाच्या तोंडून. मलाही मास्टर तापट आहेत हे त्याच्याच तोंडून कळले होते, आणि मी अधिकारी असून त्या तिघांइतकाच फसलो. खोटे उत्तर ओळखायचे पोलिसाला शिकवतात. खरे उत्तर समोर आले तर ते ओळखायचे कसे, हे मला त्या बाकावर बसवलेल्या माणसाने शिकवले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुणालाही भर बाजारातून गाडीत घालून आणले नाही. आधी निरोप पाठवला. आणि आलेल्या माणसाचे पहिले बोलणे, ते कितीही भोळे वाटले तरी, त्याच्याच शब्दांत लिहून घेतले आणि त्याला घरी सोडण्याआधी एकदा स्वतः वाचले.