बरणीतलं खोंड

गेली काही वर्षं मी पुण्यात डीएनए मिठाच्या पाण्यात घालून तापवते. माझ्या संशोधनाचं याहून मोठं वर्णन करायचं तर खोटं बोलावं लागेल. डीएनएचे दोन धागे एकमेकांना पीळ घालून असतात, पण दोघांवर एकाच जातीचा विद्युतभार असल्यानं आतून एकमेकांना ढकलतही असतात. नुसत्या पाण्यात ते थोड्या उष्णतेनंही सुटे होतात. मीठ घातलं की ही ढकलाढकली निवते, आणि त्यांना वेगळं करायला जास्त तापवावं लागतं. किती मिठाला किती उष्णता, एवढंच मी मोजते.

राहू या आमच्या गावी, घरी मी हे एकदा जेवताना समजावून सांगितलं. सगळ्यांनी कौतुकानं ऐकलं आणि त्यातलं एकच लक्षात ठेवलं, की मिठात डीएनए टिकतो.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांनी त्यांची गाय नदीपलीकडे शिरूरच्या बाजूला, शर्यती मारलेल्या एका वळूकडे नेली होती. त्यातून झालेलं खोंड बैलगाड्याला पळवायचं त्यांच्या मनात होतं. भावकीचं म्हणणं, गाय परतली त्याच दिवशी गावातला मोकाट वळू आबांच्या गोठ्याभोवती घुटमळत होता, तेव्हा हा पराक्रम त्याचाच. ऐकून आबांचं डोकं फिरलं. देवळापुढच्या पारावर ते सगळ्यांसमोर बोलून बसले, की रक्त शिरूरकडच्या वळूचं नसेल तर खोंड कधीच शर्यतीला जुंपणार नाही, माझी पुतणी सिद्ध करून देईल.

पुतणीला विचारायचं राहूनच गेलं. मी हाताळते तो डीएनए माशाचा, कंपनीकडून पुडीत येणारा. कोण कुणाचा बाप, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पण आबा एस.टी.नं स्वतः पुण्यात आले आणि लोणच्याची बरणी माझ्या टेबलावर ठेवली. आत खडे मीठ गच्च भरलेलं, त्यात दोन जागी दोऱ्यानं बांधलेले केस. लाल दोरा वळूचा, पांढरा खोंडाचा. मिठाला अजून कैरीचा वास येत होता.

"तूच म्हनली व्हतीस," आबा म्हणाले. "मिठात इसकाटत न्हाई म्हून."

हसू येत होतं, पण त्यांनी सगळी पत माझ्यावर लावली होती. जनावरांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मैत्रिणीकडे मी बरणी नेली. तिनं केस भिंगाखाली धरले आणि मान हलवली. लाल दोऱ्यातल्या केसांना मुळं होती, पांढऱ्यातल्या एकालाही नव्हती. तपासण्याजोगा डीएनए मुळाशी असतो. खोंडाचे केस कात्रीनं कापलेले होते. जगातलं सगळं मीठ ओतलं तरी नसलेलं टिकवणार कसं?

मी फोन करून आबांना सांगितलं, की काम होईल, फक्त खोंडाच्या शेपटीचे थोडे केस मुळासकट उपटून पाठवा.



"उपटायचं?" आबा म्हणाले. "त्या वळूचं उपटलं तवा तेनं लाथ झाडली. आपल्या खोंडाला दुखंल की गं."

मी म्हटलं, क्षणभरच दुखेल.

"ऱ्हाऊ दे. न्हाई पळवत त्याला."

आबा निकालाला भ्याले, हे भावकीनं त्याच संध्याकाळी पारावर ठरवून टाकलं. आबांनी ते खोडलं नाही. मला मात्र संताप आला. भावकीचा आलाच, पण आबांचाही. इतकी वर्षं घोकलेलं शर्यतीचं स्वप्न चार केसांसाठी सोडतं का कुणी?

त्याच तावात मी रविवारी राहूला गेले. खोंड गोठ्यात उसाचं वाढं खात उभं होतं. शेपटीवर कापलेले तेवढेच केस आखूड दिसत होते, आणि आबांनी तिथं हळद लावून ठेवली होती.