यंदा देणगी मी सुचवायची होती

सांगलीच्या आमच्या कॉलनीत बायकांचं एक मंडळ आहे. दर दिवाळीच्या आधी एका संस्थेला देणगी द्यायची, आणि ज्या वर्षी जिचा नंबर तिनं संस्था ठरवायची, अशी पद्धत. बाकीच्यांनी मान डोलवायची. मी पांजरपोळाला मान डोलवली, जवानांच्या मुलींच्या वसतिगृहाला डोलवली, एका बुवांच्या अन्नछत्रालासुद्धा डोलवली. ते बुवा मला डोळ्यांसमोर नको असायचे.

यंदा नंबर माझा. आम्ही ज्यू, मूळचे कोकणातले. सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी मी इथंच केली. मी मुंबईची एक संस्था सुचवली. ज्यूंबद्दल कुणी वाईटसाईट बोललं की तिथं जाऊन बोलायचं, हे तिचं काम. माझी नात पाचगणीला शिकते. जर्मनीच्या त्या हुकूमशहानं ज्यूंना मारलं ते बरोबरच केलं, असं एक मुलगा भर वर्गात बोलला आणि वर्ग हसला. पोरीचं जेवणावरून मनच उडालं. या संस्थेच्या एक बाई घाट चढून गेल्या, त्या वर्गाशी बोलल्या, नातीशेजारी बसून जेवल्या. हे सगळं मी मंडळाला सांगितलं.

आणि मंडळाला कंठ फुटला.

"नुसतं बोलायला पैसे कशाला?" हळदीच्या व्यापाऱ्यांची बायको म्हणाली. "पांजरपोळात मुकी जनावरं तरी जगत्यात."

"आन् त्यांच्यात लय पैसा असतो म्हनं," सुभेदारांची बायको म्हणाली. "तिकडं त्यांच्या देशात लढाई चाललीया. आपला पैसा कुठं जाईल काय म्हाईत?"

'त्यांच्यात' म्हणताना ती माझ्याच घरात, माझाच चहा पीत होती. शाळेत जाऊन बोलणाऱ्या बाईंचा लढाईशी काय संबंध, असं मी विचारणार, तोवर अध्यक्षीणबाईंनी माझा हात धरला.

"तुमचं सोडा ओ बाई, तुमी आमच्यातल्याच. नातीला काय लागलं तर आमी हाय की."

"तिला हेच लागलं होतं," मी म्हणाले.

देणगी पुन्हा पांजरपोळाला गेली. त्या गेल्यावर मी संतापानं कपबश्या खडाखडा विसळल्या. यांच्या सासवांना सलाईन लावायला यांनी हाक मारली की मी धावत गेले, तेव्हा मी कुणातली आहे हे एकीनंही विचारलं नव्हतं.

रविवारी होस्टेलवरून नातीचा फोन आला. "आजी, तुझ्या मैत्रिणींनी दिले का गं पैसे?"

"दिले."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेन्शनमधले पैसे काढून मी संस्थेला पाठवले आणि पावती मंडळाच्या नावानं मागवली. नात दिवाळीच्या सुट्टीत इथं येणार आहे, आणि दरवर्षीसारखी या सगळ्यांच्या घरी फराळाला जाणार आहे.